तार आली नाही

सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी उत्तरासाठी दोन दिवस मागून घेतले होते.

रिसोडला आमची धान्याची अडत होती. तिथं पावसाची खबर दोन वाटांनी यायची. एक रेडिओवरून, ती सगळ्यांसाठी. दुसरी तारेनं. वर्षाची फी भरून नाव नोंदवलेले व्यापारी, ठेकेदार, कारखानदार यांनाच ती मिळायची. जिल्ह्यात जोराच्या पावसाची शक्यता दिसली की हवामान कार्यालयातून तार सुटे आणि तारवाला ती आमच्या पेढीवर आणून देई. भाद्रपदात आमच्या आवारात मूग आणि उडीद वाळत पडलेला असतो. तार आली की ताडपत्र्या निघत.

"सूनबाई, तू सायन्सची," सासरे भागचंदजी म्हणाले. "तार चालू ठेवाव का रेडिओवर भागवाव? मले मत नको, हिसाब पायजे."

मी अकोल्याहून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. लग्नानंतर त्याचा एवढाच उपयोग उरला होता की टिनकाम करणाऱ्या शफीककडून मी एक पर्जन्यमापक करून घेतला होता आणि रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन पाऊस मोजत होते. दोन पावसाळ्यांची वही माझ्याकडे होती. दोनशे चव्वेचाळीस दिवस. त्यांपैकी एकशे सत्त्याण्णव दिवस रेडिओचा अंदाज बरोबर ठरला होता. तारा आल्या एकोणीस, आणि माझ्या मापात जोराचा पाऊस पडला त्यांतल्या फक्त सात वेळा.

मी कागदावर दोन रकाने आखून सासऱ्यांपुढे ठेवले. खाली लिहिलं: रेडिओ पुरेसा आहे.

त्यांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला. "एकोणीसपैकी सात! म्हंजे बारा डाव आपन उगाच ताडपत्र्या वढल्या," म्हणाले आणि हसले. पर्युषण लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी तार बंद करण्याचं पत्र टाकलं. माझे पती चंपालाल तेव्हा अकोल्याला गेले होते.

"चंपालालले मी सांगतो," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अठाई धरली. आठ दिवस उपास, फक्त उकळलेलं पाणी, आणि त्याबरोबर मौन. कांचनचे बाबा अकोल्याहून आले ते सामान ठेवून स्थानकातच, म्हणजे आमच्या उपासनागृहातच, राहायला गेले. पर्युषणात आमच्याकडचे पुरुष तसेच राहतात. कांचन म्हणजे आमची पाच वर्षांची मुलगी. मी धरून चालले की सासऱ्यांनी मौनाआधी तार बंद केल्याचा निरोप ठेवला असेल. सासऱ्यांनी धरलं की मी सांगितलं असेल. त्या आठ दिवसांत घरात कोणी व्यवहाराचा शब्द काढला नाही.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, झाली. पंच्याहत्तर सालची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी स्थानकात गेले. अठाईवाल्यांच्या पारण्याचं काम होतं. मुगाचं पाणी, थोडी राब म्हणजे पातळ पेज, सगळं चमच्याचमच्यानं द्यायचं. घरी परतले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन स्वच्छ होतं. ओसरीवर सासूबाई पानाबाई उडदाच्या वड्या वाळत घालत होत्या.

"बाई, कांचन कुठं आहे?"

"थे गेली न बापासंगं. गुलाबबाईकडं. खमावले."

गुलाबबाई माझी नणंद. वर्षभरात बोलण्या-वागण्यात कुणाला दुखावलं असेल तर संवत्सरीनंतर त्याच्या दारी जाऊन क्षमा मागायची, आणि आधी थोरल्या बहिणीची, ही यांची रीत होती. गुलाबबाईंचं गाव पैनगंगेच्या पलीकडं, काठापासून कोसभर. पूल तेव्हा बांधला जात होता, नुसते खांब उभे होते. बंडी पाण्यातून उतारानंच न्यावी लागे.

"बाई, जाताना यांनी काही विचारलं?"

"इचारलं न. माय, तार आली काय, म्हने. म्या म्हटलं नाई आली. मंग बैल जुपले." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काहून वो? अशी पांढरी काहून पडली?"

आमच्या घरात सात वर्षं तार न येण्याचा अर्थ एकच होता. तार नाही म्हणजे भीती नाही. बंडी काढायची तर आधी तार विचारायची, वड्या घालायच्या तरी तार विचारायची. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. तार आली नव्हती. आणि आता ती कधीच येणार नव्हती, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

सकाळचा रेडिओ मी स्वतः ऐकला होता. विदर्भात काही ठिकाणी पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे काय ते मला पाठ होतं: एक चतुर्थांशाहून जास्त आणि निम्म्यापर्यंत केंद्रांवर. ती केंद्रं कोणती, हे त्यात नसतं. पुन्हा पलीकडचा काठ मराठवाड्यात. त्याचा अंदाज दुसरीकडून, दुसऱ्या वेळी सांगितला जाई. नदी दोन्ही अंदाजांच्या मधल्या रेषेवरून वाहत होती.

मी गच्चीवर गेले. मापकात पाण्याचा थेंब नव्हता. पश्चिमेला, मेहकरच्या अंगाला, क्षितिजावर शाई सांडल्यासारखा एक जाड पट्टा होता. तो हलत नव्हता.

पैनगंगा तिकडून येते.

तेव्हा मला माझ्या कागदातली चूक दिसली. मी पाऊस आमच्या गच्चीवर मोजला होता. तार सगळ्या जिल्ह्यासाठी होती. त्या बारा वेळा पाऊस कुठंतरी पडलाच असेल, माझ्या नरसाळ्यात पडला नव्हता एवढंच. आणि कोरड्या दिवशी कोरडं राहील असं सांगून रेडिओनं मिळवलेले गुण मी तारेच्या गुणांशेजारी मांडले होते.

गावात आणखी कोणाला तार येते, याचा विचार करताना एकच नाव आठवलं. पुलाचे ठेकेदार वहाबभाई. त्यांच्या घरी मी कधी एकटी गेले नव्हते. त्या दिवशी पदरही नीट न घेता गेले.

दारात त्यांची आई मेहरबी बसली होती. रोजे सुरू होऊन तीन-चार दिवस झाले होते.

"आवो बेटी, बैठो. पानी भी नई पूछ सकती, रोजा है."

"अम्मी, वहाबभाई कुठं आहेत?"

"क्या हुआ?" वहाबभाई आतून आले. उंच, पन्नाशीचे, हातात टेप.

"वहाबभाई, तुमच्याकडं तार आली?"

"हौ. काल संध्याकाळीच. म्या रातोरात सेंट्रिंगच्या फळ्या, सिमेट, समदं वर चढवलं." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुमच्याकडं बी आलीच असन न. शेठजीले तर माझ्याआधीपासून येते."

मी कागद उघडला. इंग्रजीत पाच-सहा शब्दांच्या दोन ओळी होत्या. बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांत काही जागी अतिजोरदार पाऊस, उद्याची तारीख घालून सकाळी साडेआठपर्यंत. मजकूर इतका थोडा होता की मी तो तीनदा वाचला.

"आमची बंद केली," मी म्हटलं. "मी बंद करायला लावली. आणि कांचनचे बाबा तिला घेऊन नदीपलीकडं गेलेत."

वहाबभाईंनी आभाळाकडं पाहिलं. मेहरबीच म्हणाल्या, "अरे, खडा क्या है? जीप निकाल!"

वाटेत बस स्टँडवर त्यांनी जीप थांबवली. मेहकरहून आलेल्या गाडीचा ड्रायव्हर टायरला लाथ मारून पाहत होता.

"कैसा है उधर?"

"कायचं कैसा? पाह्यटी चारपासून आभाय फुटलं बाप्पा. सा वाजता नाला रोडवर आला. तास-दीड तास थांबलो, मंग कसीबसी काढली गाडी."

मी जीपमध्ये बसूनच हिशेब केला. मेहकरजवळून आमच्या घाटापर्यंत नदीच्या वळणांनी पंचेचाळीस किलोमीटर धरले. पुराचं पाणी ताशी पाच किलोमीटर. नऊ तास. सहा आणि नऊ.

"तीन वाजता," मी म्हटलं.

"काय तीन वाजता?"

"पाणी घाटावर तीनला येईल."

"आन चंपालाल शेठ कधी निंगतीन तिकडून?"

आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. दिवस असेपर्यंत घरी पोचायचं तर बंडीला तीन तास धरून त्यांना तीनच्या आतच नदी ओलांडावी लागणार होती. हे मी मोठ्यानं बोलले नाही. वहाबभाईंना ते माहीत होतं. त्यांनी गिअर टाकला.

काळ्या मातीच्या रस्त्यात जीप दोनदा रुतली आणि दीड-दोन तास त्यातच गेले. दुसऱ्यांदा चाकाखाली माझी शाल घातली. घड्याळाकडं पाहू नये असं मी ठरवलं होतं आणि दर मिनिटाला पाहत होते. आमच्या डोक्यावर आभाळ निळं होतं. शेतात बाया निंदण करत होत्या आणि चिखलातल्या आमच्या जीपकडं पाहून हसत होत्या. एकीनं ओरडून विचारलं, "वहाबभाई, बाईले पयवून चाल्ले काय?" एरवी ते उत्तर दिल्याशिवाय राहिले नसते.

घाटावर पोचलो तेव्हा अडीच वाजून दहा मिनिटं झाली होती.

नदीत पाणी होतं, पण भीती वाटावी असं नव्हतं. रंग मात्र बदलला होता. पुलाच्या पहिल्या खांबावर वहाबभाईंनी पांढऱ्या रंगानं फुटांच्या खुणा केल्या होत्या. पाणी अडीच फुटांच्या खुणेला लागलं होतं.

"रोज दोन असते," ते म्हणाले.

काठावर हेमसिंग होता. जवळच्या तांड्यावरचा बंजारा, चाळिशीचा, बकऱ्या घेऊन बसलेला. वहाबभाईंनी विचारलं, "पांढऱ्या बैलाची बंडी आली काय इकडं?"

"सकाळी गेली. आली नाई. माही बायको बी गेली न तिकडच्या बजाराले. येईन आता."

पाच मिनिटांत पाणी पावणेतीनला गेलं. आणखी पाच मिनिटांत तीनला. त्यावर काडीकचरा यायला लागला, मग कडब्याची एक अख्खी पेंढी फिरत फिरत गेली. आवाज वाढत होता. हा आवाज आधीपासून होता की आत्ता सुरू झाला, हे मला सांगता आलं नसतं.

मग पलीकडच्या उतारावर बंडी दिसली.

दोन पांढरे ठिपके, मागं सावलीचा बांबूचा टप. नदी तिथं दीडशे मीटर तरी रुंद असेल. बंडी नेहमीच्या चालीनं खाली उतरत होती. वहाबभाई धावत जीपकडं गेले आणि त्यांनी हॉर्न दाबून धरला.

बंडीत उभं राहून कुणीतरी हात वर केला. आणि बैल जोरात चालायला लागले.

"थांबवा!" मी किंचाळले. "हॉर्न बंद करा! त्यांना वाटतंय आपण बोलावतोय!"

हॉर्न थांबला. हेमसिंगनं हात हलवायला सुरुवात केली होती, मी त्याचाही हात खाली ओढला. एवढ्या अंतरावरून 'या' आणि 'येऊ नका' सारखंच दिसतं. ओरडणं पाण्यात बुडत होतं. आम्ही काठावर जे काही करू त्याचा अर्थ ते एकच काढणार होते. घरून कुणीतरी न्यायला आलंय, लवकर या. आणि काहीच केलं नाही तर ते येणारच होते.

बैलांचे पुढचे पाय पाण्यात शिरले.

तिकडचा काठ उथळ आहे. चाळीस-पन्नास मीटर पाणी गुडघ्यावर येत नाही, मग एकदम खोल. त्यांना खोली कळणार ती मधे आल्यावर, परत वळायला जागा नसताना. मला त्यांना खोली दाखवायची होती. आता, काठावरून. शब्दांनी नाही.

"दोर आहे?"

"जीपमदी हाय. काहून?"

"माझ्या कमरेला बांधा."

"भाभी, तुमी पागल झाल्या काय? म्या जातो."

"ते तुमची उंची ओळखत नाहीत. माझी ओळखतात."

वहाबभाईंनी दोर आणला. गाठ हेमसिंगनं मारली. गाठ पक्की होती. दोघांनी दोराला मागून ताण दिला आणि मी उतारानं चालायला लागले, बंडीची चाकोरी जिथून जाते तिथून, कारण तिथला तळ त्यांना पाठ होता.

पाणी इतकं थंड असेल असं वाटलं नव्हतं. गुडघे. मांड्या. लुगडं पायांत गुंडाळलं गेलं आणि मी एकदा घसरले, दोर कमरेत रुतला, उभी राहिले. कमर. माझ्या पायाखालची वाळू सरकत होती; प्रत्येक पाऊल टेकवल्यावर ती टाचेमागून निघून जायची. काहीतरी लाकडी माझ्या पोटरीला लागून गेलं. मी मोजत होते. वीस पावलं. सकाळी इथं पाणी बैलाच्या गुडघ्याच्या वर असणार. आता माझ्या छातीला लागलं होतं.

मी थांबले. उजवा हात आडवा धरून पाण्याच्या पातळीला लावला, छातीपाशी, आणि तसाच ठेवला. शाळेत पट्टीवर बोट ठेवून दाखवतात तसा.

बंडी उथळ भागात अर्ध्यावर आली होती. आता मला त्यांचा चेहरा नाही, पण अंगरखा दिसत होता. त्यांच्या गुडघ्यांमागून काहीतरी पिवळं डोकावलं. कांचनचा फ्रॉक.

बैल चालत होते.

मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं. पाणी गळ्याशी आलं. हात तसाच आडवा, आता हनुवटीखाली. मला वाटलं, ते आता उडी टाकतील. मला वाचवायला म्हणून उतरतील. हा विचार मी काठावर केलाच नव्हता. मी दुसरा हात वर काढला आणि तळवा त्यांच्याकडं करून ढकलला. पुन्हा ढकलला. तोंडात पाणी गेलं, मातीची चव आली.

त्यांनी कासरा ओढला.

बैल थांबले, मग बावरले. डावा आडवा झाला. बंडी प्रवाहात तिरपी झाली आणि एका बाजूचं चाक वर आलेलं मी पाहिलं. पिवळा ठिपका टपाआड गेला. ते दांडीवरून पुढं सरकले, बैलाची वेसण धरली, आणि बंडी कितीतरी वेळ, माझ्या मोजण्याबाहेरचा वेळ, तशीच तिरपी राहिली. मग बैलांची तोंडं पलीकडं वळली.

त्यानंतर माझे पाय तळावरून सुटले. दोर ओढला गेला एवढं आठवतं. काठावर आले तेव्हा वहाबभाईंच्या तळव्यांची साल निघाली होती आणि हेमसिंग नवकार म्हणावा तसं त्यांच्या संतांचं एकच नाव पुटपुटत होता, "सेवालाल, सेवालाल." खांबावर पाणी सहा फुटांच्या वर गेलं होतं. एक पूर्ण बाभूळ मुळांसकट आमच्यासमोरून गेली, मी उभी होते त्या जागेवरून.

पलीकडं बंडी चढावर उभी होती. मी माणसं मोजली. एक. मग टपातून काढलेली दुसरी. पुन्हा मोजली.

हेमसिंग माझ्याशेजारी उकिडवा बसला. बराच वेळ तो पलीकडचा काठ धुंडाळत होता. त्याची बायको कुठं दिसत नव्हती. तिकडं आता चार-पाच माणसं जमली होती, डोक्यावर गाठोडी होती, पण लाल घागरा नव्हता.

"बाई, तुमाले कसं मालूम होतं, पानी येनार म्हून?"

"वहाबभाईंना तार आली होती."

"कवा?"

"काल संध्याकाळी."

त्यानं वहाबभाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाजात राग नव्हता. "मंग आमाले काहून नाई सांगतलं?"

वहाबभाई तळवे फुंकत होते, ते थांबले. "अरे, कोनी इचारलंच नाई न," ते म्हणाले आणि मान खाली घातली. मी तर दोन रकान्यांत सगळा हिशेब मांडला होता. त्यात कुठं हेमसिंगची बायको नव्हती.

तासाभरानं ती दिसली. चढावर, गर्दीच्या मागं, बसलेली. हेमसिंगनं ओळखलं आणि तो एकदाच, लांब हाकारल्यासारखा ओरडला. ती ऐकू शकत नव्हती. त्यानं बकऱ्या सोडून दिल्या आणि तोंड झाकून घेतलं.

तरी मी उठले नाही. तारेतली मुदत उद्या सकाळी साडेआठपर्यंतची होती. आत्ता साडेचार वाजले होते. मेहकरकडचा पट्टा तसाच होता, आणि मधे पाणी थोडं उतरायला लागलं होतं. सव्वासहावरून साडेपाचवर आलं होतं. हेच मला सगळ्यात भीतीचं वाटत होतं. उतरतं पाणी त्यांनाही दिसत होतं. जेवण चुकलं तरी रात्रीपर्यंत घर गाठायचं त्यांच्या डोक्यात असणार. आणि बंडी अजून जुंपलेलीच उभी होती, तोंड आमच्याकडं करून.

"भाभी, चला," वहाबभाई म्हणाले. "तुमचं जेवन सूर्य बुडायच्या आत, आमचं बुडाल्यावर. दोघं बी उपाशी मरू."

"तुम्ही जा. मी इथंच बसते."

"का करता बसून?"

"मी उठले की त्यांना वाटेल आता पाणी ओसरलं, धोका टळला."

ते बाजूला येऊन बसले. हेमसिंगही बसला. आम्ही तिघं ओळीनं, हात न हलवता, पाण्याकडं पाहत बसलो. पाणी पाचवर आलं. तिथं थांबलं. मग पुन्हा, एक बोट, वर चढलं.

पलीकडं कांचनचे बाबा उतारावर खाली आले. पाण्याच्या अगदी कडेला उभे राहिले. वाकून त्यांनी काहीतरी केलं. बहुतेक काठी रोवली. मग किती तरी वेळ त्या काठीकडं पाहत राहिले.

सूर्य डोंगराला टेकता टेकता ते वळले, चढ चढून बंडीपाशी गेले, आणि त्यांनी बैल सोडले.